पाणी देताना पाते दरवेळी वाकत असेल तर

सुरीचे पाते कापून, कानसून, दोन्ही बाजूंचे उतार जमवून झालेले असतात; भट्टीत ते हवे तसे तापते, कडक होण्यासाठी तेलात उतरते आणि बाहेर काढून डोळ्यांसमोर धरले की त्याला बाक आलेला दिसतो. असे एखाद्या वेळी घडले तर सोडून देता येते, परंतु तिसऱ्या-चौथ्या पात्यालाही तेच होऊ लागले की घरच्या कार्यशाळेत काम करणारा माणूस आधी पोलादाला नावे ठेवतो, मग तेल बदलतो आणि शेवटी वाकलेले पाते सरळ करण्याच्या युक्त्या गोळा करत बसतो. मीही बराच काळ हेच केले. वाकलेले पाते सरळ करता येते आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. पण बाक वारंवार येत असेल तर तो कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या बाजूला आला हे पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये, कारण सरळ केलेल्या पात्यावर कारणाचा मागमूस राहत नाही.

येथील सर्व विवेचन साध्या कार्बन आणि अल्प मिश्रणाच्या पोलादाला, म्हणजे १०८४, १०९५, ८०सीआरव्ही२ किंवा वाहनाच्या स्प्रिंगच्या पाट्यांत सापडणाऱ्या ५१६० सारख्या प्रतींच्या पोलादाला लागू आहे. पात्याची मूळ जाडी तीन ते चार मिलिमीटर आणि थंड करण्याचे माध्यम तेल, असे धरले आहे. आपली भाषा या क्रियेला ‘पाणी देणे’ म्हणते, तरी या पोलादांना खरोखरीचे पाणी देऊ नये. पाण्यातली थंडाई त्यांना सोसत नाही आणि बाकाच्या जागी तडा हाती येतो.

चार वेळा पाहणे

पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावर एका बाजूला कानशीने लहानशी खाच करावी. मार्करची खूण भट्टीत जळून जाते, खाच राहते. ही खाचेची बाजू आणि ती बिनखाचेची बाजू, एवढी ओळख पुढे पुरते. त्यानंतर पाते चार वेळा तपासावे: भट्टीत घालण्यापूर्वी, नॉर्मलायझिंग (तापवून हवेत थंड होऊ देणे) झाल्यावर, पाणी देण्यासाठी तापलेले असताना तेलात जाण्याच्या अगदी आधी, आणि तेलातून बाहेर आल्यावर. तापलेल्या पात्याला पट्टी लावता येत नाही, पण पाठीच्या रेषेवरून डोळा फिरवायला एक क्षण पुरतो. इतर वेळी पोलादी पट्टी पात्याला लावून उजेडासमोर धरावी. केसाएवढी फटही उजेडात दिसते.

या चार नोंदींतून एक मोठी गोष्ट लगेच कळते. तेलाने वाकवले असे आपण ज्या पात्यांविषयी समजतो, त्यांतली बरीचशी तेलात जाण्यापूर्वीच वाकलेली असतात. मागे पट्टी थंड असताना ठोकून सरळ केली असेल, गुंडाळीतून उलगडलेली असेल किंवा एकाच बाजूने दाबून घासली असेल, तर तिच्यात ताण साठून राहतो. थंड पोलाद त्या ताणाला धरून ठेवण्याइतके कणखर असते. लाल तापले की त्याची ताकद ओसरते, साठलेला ताण मोकळा होतो आणि पाते आपल्या जुन्या वळणावर जाते. अशा पात्याचे तेल बदलून काहीही साधत नाही.

नॉर्मलायझिंग करून पाहणे म्हणूनच दुहेरी उपयोगाचे आहे. पाते सारखे तापवून स्थिर हवेत काळे पडेपर्यंत थंड होऊ द्यायचे, असे तीनदा करायचे आणि दरवेळी तापमान थोडे उतरवायचे: १०८४ साठी पहिल्यांदा सुमारे ८७० अंश सेल्सियस, मग ८१५, मग ७६० च्या आसपास. यामुळे पोलादाचा रवा, म्हणजे आतले स्फटिककण, बारीक होतो, ताण निघतो, आणि पाते वाकायचेच असेल तर ते येथे वाकते, जेथे ते मऊ आहे आणि लाल असताना लाकडी ठोकळ्यावर लाकडी हातोड्याने हलकेच सरळ करता येते. सरळ केल्यानंतर मात्र पुन्हा एक फेरी द्यावी, नाहीतर आपणच नवा ताण भरून ठेवलेला असतो. तिन्ही फेऱ्यांत सरळ राहिलेले पाते तेलात गेल्यावर वाकले, तर मात्र दोष पट्टीतल्या जुन्या ताणाचा नाही आणि शोध पुढे न्यावा लागतो.

बाक पात्याबरोबर फिरतो की जागेवर राहतो

यापुढची कसोटी मला सर्वांत उपयोगी वाटते, आणि ती सहसा कोणी करत नाही. एकाच पट्टीतून कापलेल्या दोन सारख्या पात्यांपैकी एक खाच बर्नरकडे करून तापवावे आणि दुसरे खाच बर्नरपासून दूर ठेवून. बाकी सर्व, म्हणजे तापवण्याचा वेळ, तेल, उभे राहण्याची जागा, पाते धरण्याचा हात, तसेच ठेवावे. दोन्ही पाती खाचेच्या हिशेबाने एकाच बाजूला वाकली तर कारण पात्यात आहे: उतार असमान आहेत किंवा पट्टी कापताना-घासताना दोन्ही पात्यांत सारखाच ताण शिरला आहे. याउलट खाच कुठेही असली तरी बाक बर्नरच्याच हिशेबाने एका बाजूला येत असेल, तर पाते निर्दोष आहे आणि दोष विस्तवात, नाहीतर आपल्या हाताच्या सवयीत आहे. विस्तव आणि हात यांतला फरक करायचा असेल तर पुढच्या वेळी तेलाच्या भांड्याच्या दुसऱ्या बाजूला उभे राहावे. बाकाने दिशा बदलली तर कारण हात.

माझ्या एका खेपेत सहापैकी पाच पाती डावीकडे वाकली होती आणि मी पोलाद विकणाऱ्याला मनातल्या मनात बरेच काही बोलून घेतले होते. खाचेची कसोटी केली तेव्हा कळले की बर्नरची ज्वाळा थेट पात्याच्या उजव्या अंगावर आदळत होती. डोळ्याला दोन्ही बाजू एकाच रंगाच्या दिसत होत्या, कारण मी उजेडात काम करत होतो. अंधार करून पाहिल्यावर उजवी बाजू स्पष्टपणे उजळ होती.

बाक फुगीर कोणत्या बाजूला आहे एवढ्यावरून कोणती बाजू आधी थंड झाली हे थेट ओळखता येईल, असे मात्र समजू नये. आधी थंड होणारी बाजू प्रथम आकसते आणि पात्याला आपल्याकडे ओढते. दुसरी बाजू अजून मऊ असल्याने ती दबते. मग ती थंड होऊ लागली की तीही आकसते आणि पात्याला उलट ओढते. त्यातच सुमारे २०० अंशांच्या आसपास पोलादाची रचना बदलून मार्टेन्साइट, म्हणजे पात्याला कडकपणा देणारी रचना, तयार होऊ लागते आणि ते होताना पोलाद आकसण्याऐवजी फुगते. या ओढाताणीत शेवटी कोण जिंकले ते पात्याच्या आकारावर, जाडीवर आणि तेलाच्या वेगावर ठरते. म्हणून एका पात्याच्या बाकावरून तर्क लढवण्यापेक्षा बाकाची दिशा कशाबरोबर बदलते हे पाहणे अधिक भरवशाचे.

बाकाचे रूपही बोलके असते. पाते पूर्ण लांबीभर एकसारखे कमानीसारखे वळले असेल तर दोन बाजूंच्या तापमानातला किंवा उतारांतला फरक शोधावा. फक्त टोकाजवळचा भाग वळला असेल तर टोक जास्त तापले आहे; ते पातळ असते आणि बाकीच्या पात्याच्या कितीतरी आधी रंगाला येते. धार लाटांसारखी वरखाली झाली असेल आणि पाठ सरळ असेल, तर धार पाणी देण्यापूर्वीच फार पातळ केली होती. पात्याला पीळ पडला असेल तर सांडशीची पकड किंवा तेलात शिरतानाचा कोन तपासावा.

पात्यातली कारणे

उतार असमान असणे हे यांतले सर्वांत नेहमीचे कारण. घासणाऱ्याचा एक हात सरावाचा असतो आणि दुसरा नसतो, त्यामुळे एका बाजूचा उतार वर चढतो आणि धार मध्यातून सरकते. उपाय घासण्याच्या आधीच करायचा असतो: पट्टीच्या जाडीएवढ्याच व्यासाचा ड्रिल बिट आणि पट्टी दोन्ही एका सपाट पृष्ठावर आडवी ठेवून बिटच्या टोकाने धारेच्या कडेवर रेघ ओढावी. बिटचे टोक त्याच्या व्यासाच्या बरोबर मध्यावर असल्याने रेघही जाडीच्या मध्यावर पडते. पट्टी उलटी करून दुसरी रेघ ओढावी; ती पहिलीवरच पडली तर मध्य बरोबर सापडला, आणि पाणी देण्यापूर्वीची धारेची जाडी या रेघेच्या दोन्ही अंगांना सारखी ठेवावी.

ही जाडी एक मिलिमीटरच्या खाली नेण्याचा मोह टाळावा. पातळ धार क्षणात थंड होते, तिच्यामागचे जाड पोलाद त्या वेळी अजून लाल असते, आणि धारेच्या लाटा तेथेच जन्माला येतात. मूळ पट्टीच दोन मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, जशी स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी घेतात, तर उतार अजिबात न काढता सपाट पट्टीलाच पाणी द्यावे आणि घासण्याचे सगळे काम नंतर करावे. त्यात वेळ आणि घासण्याचे बेल्ट दोन्ही जास्त खर्च होतात, हे खरे आहे.

जुन्या पाट्याचे पोलाद वापरणाऱ्यांनी आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी. वाहनाखाली वर्षानुवर्षे वाकून-सरळ होऊन त्यात डोळ्याला न दिसणारे तडे असू शकतात. ज्याचे मूळ माहीत नाही अशा पोलादावर बाकाचे कारण शोधत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. कारण शोधायचे असेल तर दोन-चार पाती तरी माहीत असलेल्या पोलादाची करावीत.

विस्तव

पाणी देण्यापूर्वी पाते सर्वत्र एकाच तापमानाला असणे हे घरगुती भट्टीत सर्वांत अवघड जाते. गॅसच्या भट्टीत जाड लोखंडी पाइपचा तुकडा आडवा ठेवून पाते त्याच्या पोकळीत तापवले तर ज्वाळा पात्याला थेट लागत नाही आणि पाइपच्या चारही बाजूंनी सारखी उष्णता मिळते. माझ्या भट्टीतला दोष याच एका बदलाने गेला. पाते पाइपात आडवे टाकू नये, पाठीवर उभे ठेवावे. ८०० अंशांवर पोलाद इतके नरम असते की केवळ दोन टोकांवर टेकलेले पाते स्वतःच्या वजनाने मध्ये झोल घेते.

तापमानाचा अंदाज चुंबकाने घेण्याची पद्धत चांगली आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. शुद्ध लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंशांना जाते. १०८४ ला पाणी देण्यासाठी साधारण ८०० ते ८३० अंश लागतात, म्हणजे चुंबक धरेनासा झाल्यावरही रंगाची एक छटा पुढे जावे लागते. बाकाच्या भीतीने कमी तापवले तर पाते सरळ राहते, पण कानस त्याला कापते, म्हणजे ते कडक झालेलेच नसते. जास्त तापवले तर रवा मोठा होतो, बाक वाढतो आणि तड्याचा धोका येतो. टोक पुढे धावत असेल तर पाते पाइपात पुढे-मागे करत राहावे, म्हणजे टोक थोडा वेळ बर्नरच्या पलीकडे राहते.

तेल आणि हात

वनस्पतिजन्य खाद्यतेल १०८४ ला पुरते. १०९५ ला त्याहून वेगाने थंड करणारे, याच कामासाठी मिळणारे तेल लागते. इंजिनाचे जळके तेल वापरू नये, त्याचा धूर घातक असतो. तेल ५० ते ५५ अंशांपर्यंत कोमट करून घ्यावे. गरम तेल पाते हळू थंड करील असे वाटते, प्रत्यक्षात कोमट तेल पातळ होते, पात्याभोवती लवकर खेळते आणि थंडाई अधिक सारखी मिळते. भांडे लोखंडी, पात्याच्या लांबीहून खोल आणि झाकण असलेले असावे, तेलात पाण्याचा थेंबही नसावा, आणि तेल पेटले तर झाकणच घालावे, पाणी कधीही ओतू नये.

पाते तेलात ओळंब्यात शिरले पाहिजे, टोक खाली करून, एका झटक्यात. तिरपे शिरले की खालची बाजू आधी भिजते. आत गेल्यावर ते हलवावे जरूर, कारण सुरुवातीला तापलेल्या पात्याभोवती वाफेचे वेष्टण तयार होते आणि ते मोडावे लागते. पण हलवणे धारेच्या दिशेने, सुरीने काही कापावे तसे, किंवा वर-खाली असावे. सपाट बाजूच्या दिशेने डावीकडे-उजवीकडे ढवळले की पुढची बाजू ताजे तेल कापत जाते आणि मागची बाजू स्वतःच्याच तापलेल्या तेलात राहते. ही चूक इतकी सहज होते की करणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. कोणाला तरी शेजारी उभे करून किंवा मोबाइलवर चित्रण करून आपला हात पाहावा. मी स्वतःचे चित्रण पाहिले तेव्हा मनगटाची अशी एक वळवळ दिसली की ती माझीच आहे यावर विश्वास बसेना.

वाकलेच तर

बाक काढण्याची सर्वांत चांगली वेळ पाते तेलात असतानाच सुरू होते. १०८४ ने ५४० अंशांच्या आसपासचा टप्पा पहिल्या एखाद्या सेकंदात ओलांडला की मार्टेन्साइट सुरू होईपर्यंत पोलाद काही काळ मऊच राहते. पात्याच्या जाडीनुसार सात-आठ सेकंदांनी, ते अजून धुरत असताना, बाहेर काढावे, डोळ्यांसमोर धरून बाक पाहावा आणि जाड चामडी हातमोजे घालून हाताने सरळ करावे, किंवा व्हाइसच्या जबड्यांत दोन सपाट ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये दाबून ठेवावे. दुसरा मार्ग मला अधिक पसंत आहे, कारण पट्ट्या पाते सरळही ठेवतात आणि दोन्ही बाजूंनी सारखे थंडही करतात. या पट्ट्या आधीच व्हाइसमध्ये लावून तयार असाव्यात. शोधाशोध करायला वेळ नसतो. पाते हाताला प्रतिकार करू लागले की थांबावे, कारण त्या क्षणी ते काचेसारखे होत चाललेले असते.

पूर्ण थंड झालेले आणि टेंपरिंग (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा मंद तापवणे) न केलेले पाते सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. मी केला आहे. व्हाइसमध्ये धरून थोडासाच जोर दिला आणि पात्याचे दोन तुकडे झाले. तुटलेल्या तोंडाचा रवा मात्र बारीक, मखमली राखाडी निघाला, म्हणजे पाणी उत्तम बसले होते.

थंड पाते तासाभराच्या आत टेंपरिंगला घालावे: २०० अंशांवर दोन तास, मग हवेत थंड करून पुन्हा दोन तास. ओव्हनच्या चकतीवरील आकड्यावर विसंबू नये, आत वेगळा तापमापक ठेवावा. पहिली फेरी बाकासकट होऊ द्यावी. दुसऱ्या फेरीत पाते जाड अँगलवर ठेवून, दोन टोकांखाली वॉशर घालून, फुगीर बाजू वर येईल असे करून मध्ये संपूर्ण लोखंडी सी-क्लॅम्पने दाबावे. दाब पाते नुसते सरळ होईल एवढा नसून बाकाच्या साधारण दुप्पट उलट दिशेला झुकेल एवढा हवा, कारण क्लॅम्प काढल्यावर ते बरेचसे मागे येते. तसेच ओव्हनमध्ये घालावे आणि क्लॅम्पसकटच थंड होऊ द्यावे. एका फेरीत भागले नाही तर दाब थोडा वाढवून पुन्हा करावे. तापमान वाढवून घाई करू नये. पाते सरळ होईल, पण पाणी उतरेल.

एवढ्यानेही थोडा बाक राहिला तर कार्बाइडचे टोक बसवलेल्या लहान हातोडीने खोलगट बाजूवर, धारेपासून दूर, पाठीच्या जाड भागावर हलके, जवळजवळ ठोके द्यावेत. प्रत्येक ठोक्याने तेथील पृष्ठभाग किंचित पसरतो, खोलगट बाजू लांबते आणि पाते सरळ होत जाते. ठोके चुकून फुगीर बाजूवर दिले तर बाक वाढतो; येथेही कानशीची खाच पाहून बाजू नक्की करावी. ठोक्यांचे ठसे नंतरच्या घासण्यात जातात, म्हणून हे काम अखेरच्या घासण्याआधी करावे.

टेंपरिंगनंतर सरळ असलेले पाते घासताना वाकते, ही तक्रार वेगळी आणि तिचे कारण सोपे आहे. एक बाजू पूर्ण घासून मग दुसरी घेतली की एका बाजूचा ताण निघून जातो आणि दुसरीचा राहतो. बेल्टवर चार-पाच ओढी झाल्या की बाजू बदलावी, बेल्ट नवा असावा आणि पाते उघड्या बोटांत धरूनच घासावे. बोटांना सोसेनासे झाले की पाण्यात बुडवावे. धारेवर निळी झाक दिसली तर तेथील पाणी गेले आणि तेवढा भाग घासूनच काढावा लागतो.

बाक इतका मोठा असेल की यांतले काहीच पुरत नाही, तर पाते पुन्हा तापवून पाणी द्यावे, पण थेट नव्हे. आधी नॉर्मलायझिंगच्या तिन्ही फेऱ्या पुन्हा कराव्यात, मगच तेल. कडक पात्याला सरळ पुन्हा तापवून तेलात घातले तर तडा जाण्याची शक्यता खूप वाढते. असे दोनदा केल्यानंतर मी ते पाते बाजूला ठेवतो; तोवर त्याच्या पृष्ठावरचा कार्बन बराच जळालेला असतो आणि वर उरलेली मऊ साल काढण्याइतकी धारेची जाडी शिल्लक नसते.